तांबडीची अर्धी सीट

या सदरातले अनुभव मी गेली चार-पाच वर्षं वाचतोय, आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा हसायलाच वाचलेत. सुजाता, म्हणजे माझी बायको, मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मी मध्येमध्ये नाक खुपसायचो — "आधी वायरिंग बघा म्हणावं", "मांजर असेल". मी बांधकाम विभागात ज्युनिअर इंजिनिअर आहे. भिंतीला तडा गेला की पाया तपासायचा, एवढंच मला कळतं. भुतंखेतं, आत्मे, इच्छा राहणं... या भानगडींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अजूनही आहे असं म्हणवत नाही. पण मग हे काय होतं, ते तरी कुणी सांगावं.

मी भोरला राहतो. मूळ गाव मार्गासनी, नसरापूरहून वेल्ह्याला जाताना लागतं ते. गावाकडचं घर आणि भाताची खाचरं माझा मोठा भाऊ बघायचा. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, दादानं शाळा सोडून नांगर धरला म्हणून मला डिप्लोमा करता आला. त्याचं लग्न राहूनच गेलं. घरात तो आणि दोन कुत्री.

एक तांबडी. रंगानं तांबडी म्हणून नावही तेच, दादानं डोकं काही चालवलं नव्हतं. तेरा वर्षांची म्हातारी, उजव्या डोळ्यात फूल पडलेलं. दुसरा बंड्या, काळाकुळकुळीत, तीन वर्षांचा. या बंड्याची एक खोड होती. तांबडीच्या आधी तो काहीच करायचा नाही. आधी ती भाकरीला तोंड लावणार, मग हा. आधी ती उंबरा ओलांडणार, मग हा. आणि बांधावरून पळताना हा कायम तिच्या उजव्या अंगाला, तिच्या आंधळ्या बाजूला. दादा म्हणायचा, "त्यो तिचा डोळा हाय."

दादानं समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता. कुणाच्या तरी टेम्पोतून श्रीवर्धनला गेला होता आणि येऊन महिनाभर तेच बोलत होता. पण समुद्राबद्दल नाही, तिथल्या कुत्र्यांबद्दल. "लई मोकळी जागा रं सुभाष. कुत्री हिकडनं तिकडं पळत्यात, कुणी हाड म्हणत न्हाई का धोंडा मारत न्हाई. माज्या दोघांना एकदा दाखवायला पायजेल."

मी नवी गाडी घेतली तेव्हा त्याचा फोन आला. त्याला गाडी चालवता यायची नाही. म्हणाला, "एक दिस काढ की. जाऊ चौघं. तू, मी आन् ही दोघं."

मी म्हणालो, "दादा, नवी गाडी आहे. कुत्र्यांचे केस सीटमध्ये बसले की निघत नाहीत."

तो हसला. "व्हय व्हय. ऱ्हाऊ दे मग." आणि भात लावणीचं काहीतरी बोलत बसला. दादानं माझ्याकडं स्वतःसाठी कधी काही मागितलं असेल तर ते एवढंच. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत तो गेला. खाचरात चिखल करता करता खाली बसला तो उठलाच नाही. शेजारच्या हौसाकाकीला कळलं ते कुत्र्यांमुळं. तांबडी तिच्या दारात जाऊन पदर ओढत होती म्हणे.

दहावा गुंजवणीच्या काठावर झाला. पिंड मांडला, सगळे मागं सरले. कावळा येईना. झाडावर तीन बसलेले दिसत होते, पण एक खाली उतरेल तर शप्पथ. मग आपल्याकडं जे चालतं ते सुरू झालं. बहीण म्हणाली, "दादा, माहेर तुटू देणार नाही." चुलते म्हणाले, "खाचरं पडीक ठेवणार न्हाई आमी." मी म्हणालो, घर नीट ठेवीन. दिवा लावीन. वर्षश्राद्ध गावातच करीन. काही नाही. तास झाला, दीड तास झाला, रिपरिप चालू, लोक मोबाईलमध्ये वेळ बघायला लागले. भटजींनी दर्भ हातात घेतला, म्हणजे आता दर्भाचाच कावळा करून उरकणार.

तेवढ्यात हौसाकाकी मागून म्हणाली, "कुत्र्यांचं बोल की रं कुणीतरी."

मला कधी एकदा संपतंय असं झालं होतं. मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "दादा, तुझी दोन्ही कुत्री मी माझ्या गाडीतून समुद्राला घेऊन जाईन."

वाक्य पुरं झालं आणि कावळा शिवला. लोक म्हणाले, जीव कुत्र्यांत अडकला होता. मी मनात म्हणालो, माणसं गप्प उभी राहिली म्हणून आला. पण ते बोलताना माझा कुत्री न्यायचा काही फारसा विचार नव्हता, हेही कबूल करतो. वेळ मारून नेली होती.

कुत्री काकीच्या ओसरीवर राहायला गेली. पुढं आपलं नेहमीचं. पावसात वरंधा घाट बंद. मग गणपती. मग दिवाळी. मग ऑफिसची कामं. दर वेळी गावी गेलो की काकी विचारायची, "कवा नेतूयास? मेलेल्या मान्साला शबुद दिलायस." मी म्हणायचो, नेतो की. तोवर तांबडीचे मागचे पाय गेले. उठायला लागलं की दोनदा पडायची, आणि बसल्या जागी लघवी व्हायची.

शेवटी माघात एका बुधवारी रजा टाकली. आदल्या दिवशी साइटवरून एक नवी ताडपत्री आणून मागच्या सीटवर अंथरली, कडा नीट खोचल्या, टेप मारला. सुजाता बघत होती. "दादांना कुत्री न्यायची होती, सिमेंट नाही," एवढंच म्हणाली.

पहाटे भोरहून निघून सहाला मार्गासनीला पोचलो. धुकं होतं. दोन्ही कुत्री ओसरीवर बसली होती, आणि मी काय केलं... मी फक्त बंड्याला उचललं.

काकी म्हणाली, "आन् ही?"

"काकी, तिला घाट सोसायचा नाही. जनावरांच्या डॉक्टरांना विचारलंय मी. वळणं आहेत, पाच-सहा तासांचा प्रवास..."

"दोनी म्हनला व्हतास."

"पुढच्या वेळी बघू."

डॉक्टरांना मी विचारलं होतं हे खरं. ते म्हणाले होते, हळू चालवा, मध्येमध्ये थांबा, ताडपत्रीऐवजी गोधडी घाला म्हणजे पाय घसरणार नाहीत. म्हणजे नेऊ नका असं ते म्हणालेच नव्हते. मला माझ्या सीटवर लघवी नको होती. संपला विषय. हे मी सुजातालाही सांगितलं नव्हतं, इथं पहिल्यांदा लिहितोय.

तांबडी आपली आपण उठली. डुलत डुलत गाडीपर्यंत आली. डाव्या बाजूचं दार उघडं होतं, त्यात पुढचे दोन पाय ठेवायला गेली आणि घसरली. पुन्हा ठेवायला गेली. मी तिला दोन्ही हातांनी धरून बाजूला केलं आणि दार लावलं. काकी तिच्या गळ्यात दोरी अडकवून ओसरीच्या खांबाला बांधत होती, ते मला आरशात दिसलं. काकी माझ्याकडं बघत नव्हती.

मार्गासनी, कापूरहोळ, भोर, मग वरंधा. माणगाव-म्हसळामार्गे श्रीवर्धन. कापूरहोळला डिझेल भरताना मागं वळून बघितलं तर बंड्या उजव्या खिडकीला अगदी अंग दाबून बसला होता. डावी अर्धी सीट मोकळी. मी म्हटलं, सवय. आयुष्यभर तिच्या उजव्या अंगाला राहिलाय, तसाच बसणार.

निरा-देवघरच्या पाण्याच्या कडेला थांबलो. डावं दार उघडलं. उतरेना. नुसता त्या मोकळ्या जागेकडं बघत थांबला. अर्धा-पाऊण मिनिट तरी. मग मान खाली केली, आणि उतरला. हेही समजण्यासारखं आहे, तिच्या आधी उतरायचं नाही हा त्याचा नेमच होता. मी त्याला बिस्किटं टाकली. बघत बसला, मग खाल्ली. मला राग आला, त्याचा नाही, माझाच. म्हटलं अजून तास-दीड तासाचं अंतर आहे, माघारी जाऊन तिला घ्यावं. खरंच वाटलं तसं. पण रजा एकाच दिवसाची होती... आणि ती सीट. पुढं निघालो.

वरंध्याची वळणं ज्यांनी घेतली असतील त्यांना कळेल मी काय म्हणतोय. माझी पाण्याची बाटली या टोकाहून त्या टोकाला जात होती. ताडपत्रीवर बंड्या घसरायला हवा होता. डाव्या वळणाला तो घसरणार नाही हे ठीक, दाराला टेकलेला होता. पण उजव्या वळणाला? एकदाही डावीकडं आला नाही. मी मुद्दाम एक वळण जरा जोरात घेतलं. जागचा हलला नाही. मधोमध काहीतरी टेकायला असल्यासारखा बसून राहिला.

बाराच्या सुमारास श्रीवर्धनला पोचलो. आडवार, भर दुपार, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. वाऱ्याला मात्र जोर होता. मी डावं दार उघडलं आणि मनाशी म्हटलं, आता पुन्हा थांबणार हा. थांबला. सीटकडं बघत होता. मग त्याची मान हळूहळू वळली... सीटवरून दाराकडं, दारातून खाली वाळूकडं. कुणीतरी उतरतंय आणि आपण बघतोय, तशी. आणि मग शेपूट हलवत त्यानं उडी टाकली.

तो पळाला. भरती-ओहोटीच्या ओल्या पट्ट्यावरून सरळ रेघेत, एका लयीत, तोंड डावीकडं वळवून. वेगानं नाही, त्याच्या मानानं फारच हळू. मध्येच थांबायचा, वाट बघायचा, पुन्हा चालायचा. म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर जसा चालायचा तसा. मी मोबाईल काढून व्हिडिओ घेतला, काकीला दाखवायला. त्या व्हिडिओत एकच कुत्रा आहे. मी शंभरदा बघितलाय, एकच आहे. वाळूवर पावलंही एकाचीच. वेळ बारा बावीस.

मी तिथं एका ओंडक्यावर बसून रडलो. दादा गेल्यावर मला नीट रडता आलं नव्हतं, माणसं होती, कामं होती. तिथं कुणी नव्हतं. "आणलंय रे दादा," असं म्हणालो, आणि म्हणताना लाज वाटली, कारण अर्धंच आणलं होतं.

गाडीत आलो तर चार्जिंगला लावलेल्या दुसऱ्या फोनवर काकीचे तीन मिस्ड कॉल.

"सुभाष, तांबडी गेली रं."

"कधी?"

"आत्ता. बाराला भाकरी टाकाय गेले तवा डोळे मिटून पडली व्हती, प्वाट हालत व्हतं. मागनं पानी घिऊन गेले तर कुटलं काय." मग म्हणाली, "तू ये आदी. तुला दावायचं हाय. तवर मी कुणाला हात लावू देत न्हाई."

तसाच परत निघालो. माणगावला सहज आरशात बघितलं आणि गाडी बाजूला घेतली. बंड्या सगळ्या सीटवर आडवा पसरून झोपला होता. डोकं डाव्या दाराला, पाय उजव्या. डावीकडची ती मोकळी जागा आता राहिलीच नव्हती. मला त्या वळणांपेक्षा, त्या पळण्यापेक्षा, या गोष्टीचं जास्त वाटलं.

मार्गासनीला पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. काकीनं ओसरीवरचा बल्ब लावला. तांबडी खांबापाशी पडली होती, सकाळची दोरी तशीच गळ्यात, गाठही काकीचीच. गाठ काकीनं स्वतः मला दाखवली.

"हात लाव," म्हणाली.

मी पाठीवरून हात फिरवला. केस कडक झाले होते, एकमेकांना चिकटून.

"मी बघितली तवा वली व्हती रं. निथळत व्हती. मला वाटलं माज्याच हातनं पानी सांडलं. पर खालची जिमीन बघ की, आजून सारवनाला धक्का न्हाई. कोरडी ठाक. निस्ती ती वली."

मी बोट जिभेला लावलं. किळस वगैरे काही आली नाही. खारट होतं.

मग काकीनं तिचा पुढचा पंजा उचलून बल्बखाली धरला. बोटांच्या बेचक्यात वाळू होती. आता याबद्दल मी जरा अधिकारानं बोलू शकतो, कारण माझं अर्धं आयुष्य वाळू चोळून बघण्यात गेलंय. शेजारच्या घराचं काम चालू आहे, तिथं ढीग आहे, हे मी आधी जाऊन बघितलं. ती क्रशसँड, म्हणजे दगड भरडून केलेली. काळपट, टोकदार, हाताला टोचणारी. गुंजवणीची वाळू मी ओळखतो, तीही ही नव्हे. पंजातली वाळू बारीक, गोल, करडी-पिवळी, आणि तिच्यात शिंपल्यांचा चुरा. माझ्या बुटांना लागलेली होती तीच. माझ्या बुटांवरून पडली म्हणावी तर मी अजून ओसरीची पायरी चढायचा होतो तेव्हाच काकीनं ती बघितलेली. पंजातली आणि बुटांवरची, दोन्ही मी साइटच्या सॅम्पलच्या पिशव्यांत भरून ठेवल्या आहेत. आजही कपाटात आहेत.

बंड्या गाडीतून उतरला. मेलेल्या सोबत्याला कुत्रं हुंगतं, चाटतं, रडतं. यानं काहीच केलं नाही. तिच्याकडं एकदा बघितलं, आणि काकीनं ठेवलेल्या भाकरीला थेट तोंड लावलं. थांबला नाही.

काकी म्हणाली, "तू न्हाई नेलीस. तुजा दादा घिऊन ग्येला."

सकाळी आम्ही तिला दादाच्या बांधावर पुरली. खड्डा मी एकट्यानं खणला.

भोरला येऊन रविवारी गाडीतली ताडपत्री काढायला घेतली. टेप जसाच्या तसा होता, कडा खोचलेल्या होत्या. ती उचलली आणि खाली, डाव्या अर्ध्या सीटवर, तांबडे केस. दोन-चार नाहीत, सगळ्या कापडात विणल्यासारखे. उजव्या बाजूला एकही नाही. तांबडी या गाडीत कधीच बसली नव्हती, दोन पाय ठेवायला आली तेवढंही मी ठेवू दिलं नव्हतं. मी सुजाताला हाक मारली. तिनं केस हातात घेऊन बघितले आणि तिथंच फरशीवर बसली. मग मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टर खरं काय म्हणाले होते ते सोडून.

आता तुमच्याही मनात येत असेल ते सगळं माझ्या मनात येऊन गेलंय. केस माझ्या कपड्यांना लागून आले असतील. आदल्या कुठल्या वेळी गाडी काकीच्या दारात उघडी राहिली असेल. काकी म्हातारी आहे, तिला ओलं-कोरडं कळलं नसेल. मीठ घामाचंही असतं... कुत्र्याला घाम येत नाही, पण समजा. प्रत्येक गोष्टीला एकेक उत्तर मी काढू शकतो, माझा धंदाच आहे तो. पण एकाच बुधवारी, एकाच वेळेला, सगळी उत्तरं एकत्र कशी उभी करायची, ते मला जमलेलं नाही. वाळूच्या पिशव्या तर आहेतच. कुणाला तपासायच्या असतील तर भोरला या, दोन्ही समोर ठेवतो.

बंड्या आता आमच्याकडं असतो. सीटवर काही अंथरत नाही. गाडी धुणारा पोरगा म्हणाला होता, साहेब, मशीन लावतो, निघतील केस. मी नको म्हणालो.

दादानं माझ्याकडं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. आणि मेल्यावरसुद्धा ती त्याची त्यालाच करावी लागली.